ठरावीक कारणासाठी जमलेलं दान उरलं, तर ते कुणाचं?

रिकामी_ओंजळ

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एका सभासदाच्या शस्त्रक्रियेसाठी मदत गोळा केली. उपासनेनंतर निवेदन झालं, लोकांनी मनापासून दिलं, ओळखीच्या इतर मंडळ्यांकडूनही आलं. खर्च अंदाजापेक्षा बराच कमी झाला, कारण सर्जनने स्वतःची फी घेतलीच नाही. पेशंट बरा होऊन घरी आहे, देवाची कृपा. पण खात्यात चांगलीच मोठी रक्कम शिल्लक राहिली आहे.

समितीतल्या बहुतेकांचं म्हणणं असं की उपासनागृहाचं छत गळतंय, तर हे पैसे तिकडे वळवू. देवाच्या कामाला आलेले पैसे देवाच्याच कामाला लागतील, बिघडलं कुठे? मला हे पटत नाहीये. मी तसं बोलल्यावर एका ज्येष्ठांनी ऐकवलं, "उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय, आणि तू वह्या काढून बसलीस!" सगळे हसले आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

या उरलेल्या पैशांचं काय करावं? ते त्या कुटुंबाचे, मंडळीचे की देणाऱ्यांचे? आणि एकदा अर्पण केल्यावर देणाऱ्याने त्याबद्दल विचारणं म्हणजे खरंच अविश्वास का? पवित्र शास्त्राच्या आधारे कुणी सांगितलं तर सभेत बोलायला बरं पडेल. कायद्याची बाजू आमचे ऑडिटर बघतील, ती इथे नको.

आळशी_मुंगी

छत गळतंय ना? मग छतासाठी मागा. लोक देतील. आजारी माणसाच्या नावावर मागून कौलं कशाला बदलायची?

अब्राहामचा_तंबू

ताई, तुमची तळमळ समजते, पण मी समितीच्या बाजूने बोलणार आहे. आपण देतो ते माणसाला नाही, देवाला. हातातून सुटलं की त्यावरचा आपला हक्क संपला. २ राजे १२ मध्ये योवाश राजाच्या काळात मंदिराची डागडुजी झाली, तिथे स्पष्ट लिहिलंय की ज्यांच्या हाती कारागिरांसाठी पैसे दिले त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. आता काय झालंय, प्रत्येकाला पावती हवी, फोटो हवा, अहवाल हवा. मंदिराच्या पेटीत त्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकल्या तेव्हा "माझ्या टोल्यांचं काय केलंत?" असं विचारलं का? आणि ते मंदिर काही फार स्वच्छ कारभाराचं नव्हतं. तरी प्रभूने तिची वाखाणणी केली.

पाळक आणि वडील मंडळींवर विश्वास नसेल तर अडचण पैशांची नाही, नात्यांची आहे.

जुना_रोखपाल

तंबूसाहेब, तोच अध्याय जरा वरून वाचू या का?

योवाशाने आधी याजकांना सांगितलं होतं की लोकांकडून येणारा पैसा घ्या आणि मंदिराची मोडतोड दुरुस्त करा. त्याच्या कारकिर्दीचं २३ वं वर्ष उजाडलं तरी एक दगड हलला नव्हता. चोरी झाली असं शास्त्र म्हणत नाही. पैसा येत होता आणि काम होत नव्हतं, एवढंच. मग राजाने याजकांच्या हातून तो व्यवहार काढून घेतला. यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजत आणि थैल्यांत बांधत. एक राजवाड्याचा, एक मंदिराचा. तुम्ही म्हणता ते "हिशेब घेत नसत" हे वाक्य या सगळ्यानंतर येतं आणि ते मुकादमांबद्दल आहे. मोजणी आधीच दोघांच्या साक्षीने झालेली होती.

आता रिकामी_ओंजळ यांच्या प्रश्नाचं उत्तरही याच अध्यायात दडलंय. त्या पैशांतून मंदिरासाठी चांदीचे पेले, कातरी, कटोरे, कर्णे असलं काहीही केलं नाही, असं मुद्दाम नोंदवलंय. या वस्तूही देवाच्या कामाच्याच होत्या! पण पैसा दुरुस्तीसाठी आला होता, म्हणून दुरुस्तीलाच लागला. आणि दोषार्पणाचा व पापार्पणाचा पैसा याजकांचा होता, तो दुरुस्तीच्या पेटीत मिसळला नाही. सरळ भाषेत, दोन वेगळी खाती.

मी आयुष्यभर कॅश काउंटरवर बसलो, त्यामुळे शास्त्र वाचतानाही नजर अशाच ओळींवर अडकते, काय करणार.

मेणबत्ती

रोखपालकाका, ही पेल्यांची ओळ कधी लक्षातच आली नव्हती!

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे हे नियमातच लिहिलेलं आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्यात, १२६७ क्रमांकाच्या कलमाचं तिसरं पोटकलम म्हणतं की श्रद्धावंतांनी एखाद्या विशिष्ट हेतूसाठी दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरता येतं. ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये (स्थानिक धर्मग्रामात) अर्थसमिती हवी, आणि १२८७ मध्ये श्रद्धावंतांनी दिलेल्या मालमत्तेचा हिशेब त्यांच्यापुढे मांडण्याची तरतूद आहे. कागदावर सगळं उत्तम आहे. अर्थसमितीत फादरांच्या हो ला हो करणारेच बसवले तर कागद कागदावरच राहतो, ते वेगळं.

टिवल्याबावल्या

मला नेहमी पडणारा प्रश्न. येशूच्या बारा शिष्यांत मत्तय होता, अस्सल जकातदार, हिशेबात मुरलेला. तरी पैशांची थैली कुणाकडे? पुढे येशूला पकडून देणाऱ्या यहूदाकडे. नेमणूक समितीच्या सभेचं इतिवृत्त कुणाकडे असेल तर डकवा.

आळशी_मुंगी

मत्तय म्हणाला असेल, "सोडली एकदाची ती भानगड, पुन्हा माझ्या गळ्यात नको."

तळटीप

हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा चांगला आहे. योहान १२ मध्ये लिहिलंय की थैली यहूदाजवळ असे आणि तीत टाकलेलं तो चोरून घेई. आणि हाच माणूस बेथानीत तेल ओतणाऱ्या मरियेला सुनावतो की हे विकून गोरगरिबांना का नाही दिलं! गरिबांचं नाव सर्वांत मोठ्याने घेणारा माणूसच थैलीत हात घालत होता. आणि थैली एकाच माणसाकडे होती.

याच्या उलट पौल. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी त्याने मंडळ्यामंडळ्यांतून निधी जमवला. १ करिंथ १६ मध्ये तो म्हणतो, तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांच्या हाती पत्रं देऊन पाठवीन, आणि गरज पडली तर मीही जाईन. २ करिंथ ८ मध्ये तीताबरोबर आणखी एक बंधू येतो, त्याला मंडळ्यांनी निवडलेलं असतं. कारणही पौल सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये, आणि जे योग्य ते आम्ही प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने करू पाहतो.

प्रेषित होता. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं दरडावायचा हक्क कुणाला असेल तर त्याला. त्याने स्वतःहून साक्षीदार सोबत घेतले.

अब्राहामचा_तंबू

रोखपालजी, पेल्यांची ओळ मान्य. पण विधवेचं काय? तिने अट घातली नाही, पावती मागितली नाही. दान असंच असावं, एवढंच माझं म्हणणं.

निंबोणी

विधवेबद्दल मी जरा वेगळं वाचते. मार्क १२ मध्ये तिच्या दोन टोल्यांच्या अगदी आधी काय आहे? शास्त्र्यांपासून जपून राहा, ते विधवांची घरं गिळंकृत करतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. त्यानंतर लगेच एक विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका पेटीत टाकते. मग १३ व्या अध्यायाच्या सुरुवातीला शिष्य मंदिराच्या चिरेबंदी दगडांचं कौतुक करतात आणि येशू म्हणतो, चिऱ्यावर चिरा राहणार नाही.

हे तीन प्रसंग सलग वाचल्यावर मला त्यात तिची वाखाणणी दिसते तशी मंदिर चालवणाऱ्यांची झडतीही दिसते. तिच्याजवळ होतं नव्हतं ते एका व्यवस्थेने घेतलं, जिने खरं तर तिला सांभाळायला हवं होतं. म्हणून वर्गणीच्या आवाहनात या विधवेला उभं केलं की मला कसंतरी होतं. तिची गोष्ट गरिबांना जास्त द्यायला लावण्यासाठी नाही, ती पेटीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना ऐकवायची आहे.

अब्राहामचा_तंबू

हे जरा ओढूनताणून वाटतं. येशूने शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावून सांगितलं की तिने सर्वांपेक्षा अधिक टाकलं. ही शाबासकीच आहे. व्यवस्थेवर टीका करायची असती तर त्याने तिला थांबवलं नसतं का?

निंबोणी

शाबासकी आहेच, मी नाकारत नाही. दोन्ही आहे म्हणते. असो, आपलं यावर जुळणार नाही.

उंटावरचा_शहाणा

मी ख्रिस्ती नाही, कोणत्याच धर्माचा फारसा नाही, पण धागा आवडला म्हणून घुसतो. तुम्ही सगळे "ज्यासाठी दिलं त्यासाठीच" यावर एवढे ठाम कसे? देणाऱ्याला दिसलेली गरज आणि खरी गरज या वेगळ्या असू शकतात. चेहरा दिसला, गोष्ट ऐकली की पैसे धो धो येतात. ज्या संकटाचे फोटो नाहीत तिथे कुणी फिरकत नाही. मग संस्थेने थोडं इकडचं तिकडे केलं तर ते शहाणपणाच नाही का?

तळटीप

शहाणपणा आहे, पण तो देणाऱ्याला सांगून करावा. २००४ च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने थोड्याच दिवसांत जाहीर केलं की त्सुनामीसाठी आता आमच्याकडे पुरेसे पैसे आहेत, या नावाने पाठवू नका. इतर मदतसंस्था चिडल्या. पण जास्तीचे पैसे दुसऱ्या संकटांकडे वळवू का, असं त्यांनी दात्यांना विचारलं आणि बहुतेकांनी होकार दिला. ही ख्रिस्ती संस्था नाही, पण जे केलं ते निर्गम ३६ मधल्यासारखंच. तिथे निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) कामासाठी लोक रोज सकाळी इतकं आणत होते की कारागीरच मोशेकडे गेले: लागतंय त्यापेक्षा फार जास्त येतंय. मोशेने छावणीभर दवंडी पिटवली की आता कुणी काही आणू नये. त्यानंतर ३८ व्या अध्यायात सोनं, रुपं, पितळ किती आलं आणि कशाला किती लागलं याची वजनासकट नोंद आहे.

"पुरे झालं" असं सांगणारं दानाचं आवाहन तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

टिवल्याबावल्या

मी ऐकलंय. प्रवचन लांबल्यावर.

सूर्यफूल

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण अजून कुणी लिहिलं नाही.

वडील गेल्यावर आमचं घर काही काळ मंडळीच्या मदतीवर चाललं. त्या लोकांचे उपकार मी विसरणार नाही. पण मदतीबरोबर आम्हाला उपासनेत पुढे उभं करून साक्ष द्यायला सांगायचे. आईने नवी चप्पल घेतली तरी कुणीतरी डोळे वटारायचं, आमच्या पैशांतून का? हिशेब हवा, शंभर टक्के हवा, पण तो समितीचा हवा. त्या कुटुंबाच्या स्वयंपाकघराचा नको. वर जबाबदार वापर, जबाबदार वापर असं चाललंय, त्यात ही रेघ पुसली जाऊ नये.

जुन्या काळातला प्रसिद्ध प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोम लाजराच्या दाखल्यावर बोलताना म्हणाला होता की दान करणारा हा बंदरासारखा असतो, आणि जहाज फुटून आलेल्याला बंदर आत घेतं, तो चांगला की वाईट हे विचारत बसत नाही. आणि हा नुसता बोलणारा नव्हता. कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप झाल्यावर त्याने बिशपच्या घरखर्चाच्या नोंदी तपासल्या, अनावश्यक खर्च कापला आणि तो पैसा रुग्णालयाकडे वळवला. म्हणजे गरिबाला फार प्रश्न नाहीत, बिशपच्या वाड्याला मात्र प्रश्न.

रिकामी_ओंजळ

सूर्यफूल, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. आमच्या समितीत एकाने खरंच विचारलं होतं की पेशंटच्या घरच्यांनी रुग्णालयात वेगळी खोली का घेतली. त्यावर मी काहीच बोलले नाही, पण आता बोलेन.

कुटुंबाला विचारलं. ते म्हणाले, औषधं आणि तपासण्यांचा पुढच्या काही महिन्यांचा खर्च धरला तर तेवढंच द्या, बाकी आम्हाला नको.

काटकसरे

सूर्यफूल यांच्या भावना मान्य करून थोडा विरोध. घेणाऱ्याला काहीच विचारायचं नाही हे पहिल्या मंडळीचंही धोरण नव्हतं. १ तीमथ्य ५ वाचा. विधवांच्या यादीत नाव घालायला ६० वर्षांची अट, तिने केलेली सत्कृत्यं पाहायची, आणि ज्यांच्या घरात विधवा आहेत त्यांनी आधी स्वतः सांभाळावं, मंडळीवर भार टाकू नये, म्हणजे ज्या खरोखर एकट्या आहेत त्यांना मदत पुरेल. याला चौकशीच म्हणतात. २ थेस्सल ३ मध्ये तर काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये, इथवर.

सूर्यफूल

इच्छा नसेल तर. ज्याला जमत नाही त्याच्याबद्दल ते वाक्य नाही. हे वचन कुणाच्या तोंडावर फेकलं जातं ते मी पाहिलंय. आणि यादीच्या अटी यादीत घेताना बघायच्या, चप्पल घेताना नाही.

काटकसरे

चप्पल मागे घेतो.

मेणबत्ती

निवडीवरून आठवलं. प्रेषितांची कृत्ये ६. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होतेय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी "कुरकुर करू नका, प्रार्थना करा" असं नाही सांगितलं. सात जण निवडायला लावले, आणि स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर अशी त्या सातांची नावं सगळी ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. आमच्या अर्थसमितीत तक्रार करणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावतच नाहीत.

कोरी_पाटी

थोडं विषयांतर करतो. मला जास्त चीड येते ती "बी पेरा, शंभरपट कापा" वाल्यांची. मलाखी ३ चा आधार घेऊन दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मागतात, आकाशकपाटं उघडतील म्हणतात. त्यांच्यापैकी कुणी नहेम्या १३ वर प्रवचन केलंय का? त्या काळाचंच चित्र तिथे आहे. दशांशाचं धान्य, द्राक्षारस आणि तेल ठेवायच्या मोठ्या कोठडीत एल्याशीब याजकाने आपल्या सोयरिकीतल्या तोबीयाला राहायला जागा करून दिली! कोठार रिकामं, लेव्यांना (मंदिराच्या सेवकांना) त्यांचा वाटा मिळेना, ते बिचारे आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्या परत आला आणि त्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकून दिलं. कोठडी शुद्ध करून घेतली आणि कोठारावर माणसं नेमली: एक याजक, एक लेखक, एक लेवी आणि हाताखाली आणखी एक. कारण ते विश्वासू गणले जात.

म्हणजे लोक दशांश का देत नव्हते याचं एक कारण कोठडीत पलंग टाकून झोपलं होतं.

आळशी_मुंगी

पलंगाचा शास्त्राधार?

कोरी_पाटी

घरातलं सगळं सामान फेकलं म्हटलंय. पलंग मी घातला. 😀

खाते_वही

व्यवसायाने लेखापरीक्षक, म्हणून दोन गोष्टी.

पहिली. दात्यांना वाटतं की प्रशासनावर कमीत कमी खर्च करणारी संस्था सर्वांत प्रामाणिक. मी याला भुलत नाही. हिशेबनीस नाही, नोंदी ठेवायला माणूस नाही, कामगारांना धड पगार नाही, आणि वर अभिमानाने सांगतात की सगळंच्या सगळं गरिबांना जातं. गैरव्यवहाराला असली जागा फार सोयीची असते. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हे लूक १० मध्येही आहे आणि तीमथ्याच्या पत्रातही. पगार द्या आणि तो लपवू नका.

दुसरी. "ख्रिस्ती आहेत, आपलेच आहेत" हा निकष नाही. अमेरिकेत 'न्यू एरा फिलान्थ्रॉपी' नावाच्या प्रतिष्ठानने ख्रिस्ती महाविद्यालयं, मिशन आणि मदतसंस्थांना सांगितलं की आमच्याकडे पैसे ठेवा, गुप्त दाते आहेत, सहा महिन्यांत दुप्पट करून देऊ. गुप्त दाते कुणीच नव्हते, नव्यांचे पैसे जुन्यांना दिले जात होते. मे १९९५ मध्ये सगळं कोसळलं आणि संस्थापकाला १९९७ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. हे उघडकीला आणण्यात मोठा वाटा होता मिशिगनमधल्या एका छोट्या ख्रिस्ती महाविद्यालयातल्या अकाउंटिंगच्या प्राध्यापकाचा, अल्बर्ट मायर त्यांचं नाव. त्यांच्या स्वतःच्या महाविद्यालयाचे पैसेही त्यात होते, आणि सुरुवातीला त्यांच्या शंका वरिष्ठांनी उडवून लावल्या. "प्रभूची माणसं आहेत" हीच तिथली एकमेव हमी होती.

१९७९ मध्ये तिथल्या इव्हँजेलिकल संस्थांनी ईसीएफए नावाची स्वनियमन संस्था काढली ती आपणच आपलं घर नीट ठेवावं, नाहीतर सरकार येऊन ठेवेल, या विचाराने. तिच्या मानकांत कारभार पाहणारं मंडळ बहुसंख्येने बाहेरच्या, स्वतंत्र लोकांचं असावं असं आहे. पाळक, त्यांची पत्नी आणि मेहुणा एवढ्यांचं मंडळ तिथे चालत नाही.

टिवल्याबावल्या

मेहुण्यांवर अन्याय. तोबीयालाही कुणाची तरी मेहुणकी भोवली.

जुना_रोखपाल

खाते_वही, स्वतंत्र मंडळावरून लायस्निगची पेटी आठवली. १५२३ मध्ये जर्मनीतल्या या छोट्या गावाने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या सल्ल्याने सामाईक निधीची पेटी केली. तिला चार वेगवेगळी कुलुपं. कारभारी दहा, सरदार, नगरपरिषद, नागरिक आणि शेतकरी अशा चार गटांतून निवडलेले, आणि प्रत्येक गटाकडे एक किल्ली. चौघे जमल्याशिवाय पेटी उघडणार नाही. त्याआधी सहा वर्षं, १५१७ मध्ये, याच ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीवर लिहिलं होतं की गरिबाला देणं हे क्षमापत्र विकत घेण्यापेक्षा बरं. गैरवापरावर नुसतं ओरडणं सोपं, कुलपं बसवायला माणसं जमवावी लागतात.

वाचनवेडी_मावशी

आपल्याकडचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून देते. पंडिता रमाबाई. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं मदतीचं वचन मिळालं, अट अशी की शाळेत धर्मप्रसार होणार नाही. १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झालं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. त्यावरून रान उठलं. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणावर सक्ती केली नाही, पण माझं दारही लावणार नाही.

मी रमाबाईंना दोष देणार नाही, रानड्यांनाही नाही. दोघांनी अट वाचली आणि प्रत्येकाला तिचा अर्थ आपापला लागला. पुढे केडगावला मुक्ती मिशन काढताना त्यांनी ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच काढलं. देणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक.

उंटावरचा_शहाणा

मावशी, माझ्या मते रमाबाई चुकल्याच. अट मान्य करून पैसे घेतले ना? मग दार लावायचं.

वाचनवेडी_मावशी

स्वतःच्या खोलीचं? यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

अब्राहामचा_तंबू

सगळं वाचलं. थैली, पेटी, कुलुपं सगळं ठीक. पण माझी भीती अजून तीच आहे. उद्या मंडळीत प्रत्येक जण "माझे पैसे, माझी अट" म्हणू लागला तर पाळकाचा पगार आणि विजेचं बिल कशातून भरायचं? त्यासाठी कुणीच चेहरा पाहून देत नाही. जमीन विकून दान देणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा यांनाही काही भाग स्वतःच्या हातात ठेवायचा होता.

तळटीप

भीती रास्त आहे. पण हनन्याचा दाखला उलटा पडतो. प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये पेत्र त्याला म्हणतो, ती जमीन तुझी नव्हती का, विकल्यावर पैसाही तुझ्याच ताब्यात नव्हता का? राखून ठेवण्याबद्दल पेत्र काहीच बोलत नाही. काही भाग ठेवून घेऊन सगळं दिल्याचा आव आणला, ते खोटं होतं. समितीने शस्त्रक्रियेच्या नावाने घेऊन छताला लावलं तर खोटं कोण बोललं?

पगार आणि विजेसाठी सर्वसाधारण अर्पण असतंच, आणि ते बिनअटीचं असावं यावर माझं तुमच्याशी पूर्ण एकमत. ते कमी पडत असेल तर तेही मंडळीसमोर मोकळेपणाने सांगावं.

निंबोणी

आणि डाव्या हाताचं राहिलंच की! मत्तय ६ मधलं ते वाक्य दान करणाऱ्याला सांगितलंय, कर्णा वाजवत देऊ नकोस म्हणून. दुसऱ्यांचे पैसे सांभाळणाऱ्या समितीला ते लागू होत नाही. जॉर्ज म्युलरने ब्रिस्टलमध्ये १८३६ पासून अनाथाश्रम चालवले, माणसांकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, या नेमाने. पण दरवर्षी छापील अहवाल काढला, देणाऱ्यांची नावं न फोडता जमाखर्च मांडला. गुप्त दान आणि उघड हिशेब एकाच घरात नांदले.

रिकामी_ओंजळ

सभा झाली. सांगते.

मी २ राजे १२ वाचून दाखवला, पेल्यांच्या ओळीपर्यंत. त्या ज्येष्ठांनी (डावा हातवाले) पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी शिकवलं नाही." पाळक माझ्या बाजूने उभे राहिले, ते मला अपेक्षित नव्हतं. खजिनदार अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, इतक्या लोकांना पत्रं पाठवायची म्हणजे उद्योग, आणि पेटीत नाव न लिहिता टाकलेल्यांना कसं विचारणार?

ठरलं ते असं. पेशंटच्या पुढच्या तपासण्या आणि औषधांचा अंदाज काढून तेवढे पैसे वेगळे ठेवायचे, आणि कुटुंबाकडून बिलं मागायची नाहीत, डॉक्टरांच्या अंदाजपत्रकावर भागवायचं. उरलेल्यांबद्दल ज्यांची नावं माहीत आहेत त्यांना विचारायचं: दुसऱ्या आजारी माणसासाठी राखून ठेवू का, की परत हवेत? बेनामी रकमेबद्दल उपासनेत सलग काही रविवार निवेदन करायचं, कुणाची हरकत नसेल तर तीही आजारपणाच्या निधीत. छतासाठी वेगळं आवाहन.

काहींची उत्तरं आलीत. बहुतेक म्हणतात, दुसऱ्या पेशंटसाठी ठेवा. एकाने परत मागितले, त्यांच्या स्वतःच्या घरी अडचण आहे. एका बाईंनी लिहिलंय की छतालाच लावा, माझ्या डोक्यावर गळतं!

अब्राहामचा_तंबू

परत मागितले त्यांना लगेच द्या, आणि कुणाला कळू देऊ नका. एवढं मात्र डाव्या हाताचं ऐका.

रिकामी_ओंजळ

दिले. नाव फक्त पाळकांना आणि मला माहीत आहे, आणि वहीत नोंद "परतावा" एवढीच.

खाते_वही

नोंदीजवळ दोघांच्याही सह्या घ्या, नाव पाकिटात बंद करून ऑडिटरसाठी ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी तोच "परतावा" तुमच्यावर शेकेल.

आणि पुढच्या वेळी पत्रव्यवहाराचा उद्योग टाळायचा असेल तर आवाहनातच एक वाक्य घाला: "या कारणासाठी लागणाऱ्या खर्चापेक्षा अधिक रक्कम जमल्यास ती मंडळीच्या आजारपण साहाय्य निधीत समितीच्या निर्णयाने वापरली जाईल, ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी देतानाच कळवावे." पावतीवर छापा, निवेदनातही वाचा. पेटीत नाव न लिहिता टाकणाऱ्यालाही ते आधीच ऐकू गेलेलं असेल.

जुना_रोखपाल

"समितीच्या निर्णयाने" नको. "मंडळीच्या सभेच्या निर्णयाने" करा. समितीतच तर छत गळत होतं.

रिकामी_ओंजळ

तसं करून मसुदा पाठवलाय. खजिनदारांनी विचारलंय की वाक्य फार लांब आहे, पावतीवर मावेल का. पावती मोठी छापू म्हटलं.